ये-जा करणारे इंटरनेट (बेळगाव सीमाभाग)

घरच्या संगणकाची इंटरनेट जोडणी कायमची बंद न पडता अधूनमधून तुटते आणि आपोआप परत येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात या दोषाला ‘नेट ये-जा करतंय’ म्हणतात. मंद इंटरनेट हा निराळा दोष असून त्याचे उपायही निराळे आहेत. पूर्ण बंद पडलेली जोडणी शोधायला सोपी असते. ये-जा करणारी मात्र तंत्रज्ञ दारात आला की नेमकी चालू असते. म्हणून ती तुटते त्या क्षणी काय दिसले, यालाच महत्त्व आहे. नेट गेले की राउटरचे बटण बंद-चालू करण्याची सवय सर्वत्र आहे. तिने नेट येतेही, पण कुठला दिवा लाल होता हा मोलाचा पुरावा त्याबरोबर पुसला जातो.

तुटते कुठे

संगणकापासून कंपनीपर्यंत ही साखळी असते: संगणक, वाय-फाय किंवा लॅन केबल, राउटर, ओएनटी (फायबर येऊन जोडली जाते तो डबा, बहुतेक घरांत राउटर त्यातच असतो), खांबांवरून गेलेली फायबर आणि कंपनीचे केंद्र. कुठली कडी सुटते हे दोन खिडक्यांत कळते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट दोनदा उघडावा. एकात ‘पिंग’ (समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) हा शब्द, जागा सोडून वजाचिन्ह व ‘टी’, पुन्हा जागा सोडून राउटरचा पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर पाहावा. दुसऱ्यात तीच आज्ञा ८.८.८.८ या पत्त्यासह द्यावी. दोन्ही चालू ठेवून नेहमीचे काम करत राहावे. थांबवायला कंट्रोल आणि सी.

नेट गेल्यावर दोन्ही खिडक्यांत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले, तर दोष घरात आहे: वाय-फाय, केबल, राउटर किंवा संगणक. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही उत्तरे येत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर नावाचा पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडली आहे, सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा डीएनएस घालून पाहावा. ‘जनरल फेल्युअर’ आले तर बहुधा संगणकाचे नेटवर्क कार्डच झोपले आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट हा भाग असतो. तिथली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढावी. लॅपटॉपमध्ये हा दोष फार आढळतो.

घरातला भाग

वाय-फायवर संशय असेल तर लॅन केबलने तासभर चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त निवाडा. केबलवर ठीक आणि वाय-फायवर तुटते, तर भिंती मोजाव्यात. खानापूरकडच्या जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्‌झची लहर जवळजवळ गिळतात, आणि पावसाळ्यात ओल धरल्यावर आणखी. अशा घरात २.४ गिगाहर्ट्‌झ लांब पोचते, पण तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्या घरांत जो कमी वापरला जातो तो निवडावा. ‘ऑटो’वर ठेवल्यास काही राउटर चॅनेल बदलताना सगळ्यांना क्षणभर तोडतात. ५ गिगाहर्ट्‌झवर ३६ ते ४८ मधला चॅनेल ठेवावा. त्यापुढच्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारची चाहूल लागली तर राउटरला जागा सोडावी लागते. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क वाय-फाय डोंगलला खेटून लावली तरी २.४ गिगाहर्ट्‌झ विस्कळीत होते.

लॅन केबलच्या चार जोड्यांपैकी १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार आत तुटलेली असेल तर जोडणी १०० वर उतरते किंवा सारखी सुटते. आरजे-४५ या टोकाच्या प्लगची क्लिप मोडलेली केबल चालते, पण खुर्ची सरकली की नेट जाते.

लांबच्या खोलीसाठी दुसरा राउटर जोडताना होणारी चूक ठरलेली आहे: दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि दोन्हींचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) चालू. मग उपकरणांना कधी एकाकडून पत्ता मिळतो, कधी दुसऱ्याकडून. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि ओएनटीकडून आलेली केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरचे नेट घेणाऱ्या) छिद्राऐवजी लॅनच्या छिद्रात लावावी. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही.

अडॅप्टरकडे कोणी पाहत नाही. नेट जाताना ओएनटीचे सगळे दिवे विझून एकेक करत परत लागत असतील तर फायबरला दोष देऊ नये. १२ व्होल्टचा अडॅप्टर जुना झाला की भार वाढताच खाली बसतो. बदलताना व्होल्ट तेच, अँपिअर तितकेच किंवा जास्त आणि पिनचे टोक धन आहे ना हे पाहावे. लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येताना जो क्षण जातो त्यातही डबा पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटे जातात. छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हा त्यावरचा इलाज.

खांबापासून घरापर्यंत

एलओएस हा लाल दिवा म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. पॉन, म्हणजे फायबरच्या जाळ्याचा, हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर उजेड येतो, पण केंद्राशी नोंदणी पुरी होत नाही. ब्राउझरमध्ये ओएनटीचा पत्ता टाकून उघडणाऱ्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोचलेल्या उजेडाची ताकद, हा आकडा डीबीएम या एककात मिळतो. उणे १८ ते उणे २४ निर्धास्त. उणे २७ च्या आसपास गेला की ये-जा सुरू होते. ३ डीबी कमी म्हणजे उजेड निम्मा. कोरड्या दुपारी आणि पावसात हा आकडा दोनदा टिपून ठेवावा. फरक ३ डीबीहून जास्त असेल तर जोड ओला होतो आहे किंवा वारा लागून फायबर कुठेतरी वाकते आहे.

घरात फायबर खिळ्याला घट्ट गुंडाळू नये. वळण ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. खिडकीतून आत घेताना बाहेर एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी त्याच्या तळाशी टपकते आणि डब्यापर्यंत येत नाही. हिरव्या टोकाचा जोड तिरका घासलेला असतो, निळा सरळ. एकमेकांत बसतात, पण उजेड वाया जातो. टोकात डोळा लावून पाहू नये, तो उजेड दिसत नाही पण असतो.

चिकोडी, रायबाग, अथणी भागात ऊसतोडीच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉल्यांना लोंबती फायबर अडकते. तुटली तर लाल दिवा लागतो. नुसती ताणली गेली तर आठवडाभर ये-जा. वळिवाच्या विजांत तांब्याच्या लॅन केबलने गल्लीतल्या खोक्यातून आलेले नेट जास्त धोक्यात असते, पोर्ट जळते. फायबरमधून वीज वाहत नाही, पण अडॅप्टरमधून येते; आभाळ भरून येताच, गडगडाटाआधी तो काढावा.

मोबाइलवरचे नेट आणि सीमा

संगणक फोनच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर सीमेलगतच्या गावांत निराळा दोष दिसतो. एकाच कंपनीचे कर्नाटक आणि महाराष्ट्र-गोवा ही दोन सर्कल (मोबाइल सेवेचे विभाग) वेगळी असतात आणि प्रत्येकाचा नेटवर्क कोड वेगळा. चंदगडच्या बाजूचा किंवा निपाणीपलीकडे कागलकडचा टॉवर जवळचा वाटला की फोन तिकडे उडी मारतो. डेटा रोमिंग बंद असल्यास सिग्नलच्या काड्या भरलेल्या असूनही नेट थांबते. रोमिंग चालू करावे, किंवा नेटवर्क निवड ‘ऑटो’वरून काढून आपल्या सर्कलचे नेटवर्क हाताने निवडावे. फोन खिडकीच्या कठड्यावर एकाच जागी ठेवल्यानेही उड्या कमी होतात.

तक्रार नोंदवताना

किती वाजता गेले, किती मिनिटे, कुठला दिवा, आरएक्स पॉवर किती आणि दोन पिंगांत काय दिसले, एवढे सांगितल्यास ‘राउटर रीस्टार्ट करा’ या उत्तराची गरज उरत नाही. पलीकडचा माणूस कन्नडच बोलत असेल तर लाल म्हणजे केंपु, हिरवा म्हणजे हसिरु. ‘मळी बंदाग केंपु लाईट बरतैति’ म्हणजे पाऊस आला की लाल दिवा लागतो.