मबारेतल्या बाकामागची गोष्ट

झिम्बाब्वेत मनाच्या दुखण्याला शोना भाषेत घरगुती शब्द आहे: ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार. ‘विचार करून करून डोक्याचा भुगा झाला’ असं आपण म्हणतो, तेच हे. म्हणजे दुखणं लोकांना ओळखता येत होतं. पण ते घेऊन जायचं कुठे? याचं एक उत्तर पुढे मबारे या वस्तीतल्या एका लाकडी बाकावर मिळालं.

ब्रिटिश अमलात, १९०८ साली, बुलावायोत इंगुत्शेनी मनोरुग्णालय सुरू झालं. गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे, काळ्यांचे वेगळे. १९८० साली स्वातंत्र्य आलं, गावोगावी दवाखाने झाले, तरी मानसोपचार मोठ्या शहरांतच राहिला. पुढे एड्सची साथ आली, अर्थव्यवस्था कोसळली, डॉक्टर परदेशी गेले. सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येला मानसोपचारतज्ज्ञ उरले जेमतेम डझनभर.

मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल नव्वदच्या दशकात राजधानी हरारेत काम करत होते. लोक आपलं दुःख कोणत्या शब्दांत सांगतात हे त्यांनी सहकाऱ्यांसोबत ऐकून घेतलं आणि त्या शब्दांतूनच शोना प्रश्नावली तयार झाली. चौदा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. ‘गेल्या आठवड्यात फार विचार करत बसलात का?’ हा त्यातलाच एक. पटेल पुढे गोव्यात आले आणि १९९६ मध्ये त्यांनी ‘संगथ’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला.

मे २००५ मध्ये सरकारने ‘मुरांबात्सविना’, म्हणजे घाण हटवा, या नावाखाली शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्यांवर बुलडोझर फिरवले. माणसांच्या घरांना घाण म्हणणारं हे नाव आजही अंगावर येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. त्याच वर्षी हरारेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. घरच्यांना तिला त्यांच्यापर्यंत आणायचं होतं, पण बसभाड्याचे १५ डॉलर जमले नाहीत.

हे चिबांडांच्या जिव्हारी लागलं. उपचारच लोकांच्या वस्तीत न्यायचे, असं त्यांनी ठरवलं. २००६ मध्ये हरारेच्या मबारे वस्तीत त्यांना ना पैसा मिळाला, ना दवाखान्यात खोली. मिळाल्या त्या चौदा आज्या. आरोग्यसेविका म्हणून त्या वस्तीत आधीपासूनच फिरत होत्या, घराघरातलं त्यांना ठाऊक होतं. खोली नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला. चिबांडांनी त्याला आधी ‘मानसिक आरोग्य बाक’ म्हटलं, तर कुणी फिरकेना. ‘मैत्रीचा बाक’ हे नाव आज्यांनी सुचवलं.

बाकावर आजी आधी ऐकून घेते. याला म्हणतात ‘कुव्हुरा प्फुंग्वा’, मन मोकळं करणं. मग साऱ्या अडचणींतली एकच निवडायची, जिच्यावर आज काही करता येईल, आणि पुढची पावलं समोरच्यानेच ठरवायची. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांत होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्क्यांत. जिवाला धोका दिसला, तर आजी त्या माणसाला पुढच्या उपचारांसाठी पाठवते.