फेस धुऊन गेल्यावर त्वचेवर काय उरते

नव्या साबणाने किंवा शाम्पूने आंघोळ घातल्यानंतर लहान मुलाच्या अंगावर चट्टे उठले, की घरात सहसा दोन गोष्टी होतात. ‘ॲलर्जी झाली’ असा निष्कर्ष निघतो आणि त्यावर लावायला काहीतरी शोधले जाते. दोन्ही बाबतींत घाई होते, आणि दुसऱ्या घाईने मुलाला होणारा त्रास अनेकदा वाढतो.

आंघोळीच्या उत्पादनांमुळे उठणाऱ्या पुरळापैकी बहुतांश पुरळ ॲलर्जीचे नसतेच. ती त्वचेची सरळसरळ झालेली इजा असते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर चपट्या, निर्जीव पेशींचा असतो. मंगळुरी कौले एकमेकांवर चढवून बसवावीत तशा या पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी बुजलेल्या असतात. तान्ह्या मुलांमध्ये हा थर मोठ्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के पातळ असल्याचे मोजमापांतून दिसले आहे. शिवाय मोठ्यांच्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण ४.५ ते ५.५ पीएचचा असतो, तर नवजात बाळाची त्वचा उदासीनतेच्या जवळ असते आणि ती आम्लता तिला पुढच्या काही आठवड्यांत मिळवावी लागते. अशा त्वचेवर ९ ते १० पीएचचा, म्हणजे अल्कधर्मी साबण चोळला, की मळाबरोबर फटींतली स्निग्धताही निघून जाते, आतले पाणी उडू लागते आणि बाहेरची द्रव्ये आत शिरू लागतात. वेष्टनावर ‘टीएफएम ७६ टक्के’ असे छापलेले पाहून पुष्कळ पालक निर्धास्त होतात. पण हा आकडा साबणातील स्निग्धाम्लांचे प्रमाण सांगतो, त्याच्या अल्कधर्माबद्दल काहीच सांगत नाही.

खरी संपर्कजन्य ॲलर्जी निराळ्या मार्गाने येते. एखादे रसायन त्वचेतून आत जाते, प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी त्याची ओळख लक्षात ठेवतात आणि पुढे पुन्हा गाठ पडली, की त्या एकवटून दाह निर्माण करतात. याला वेळ लागतो. चट्टे बहुधा २४ ते ७२ तासांनी उठतात. रविवारी डोक्यावरून घातलेल्या शाम्पूची खूण मंगळवारी दिसते आणि दोष मंगळवारी प्रथमच भरवलेल्या अंड्यावर किंवा येऊ घातलेल्या दातांवर जातो. ‘जन्मापासून हाच साबण वापरतो, मग आताच कसा बाधेल?’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण ओळख पटायला अनेकदा वारंवार संपर्क यावा लागतो.

तिसरा प्रकार काही मिनिटांतच दिसतो: अंगावर पित्त उठावे तशा फुगीर, खाजऱ्या गांध्या येतात आणि काही तासांत जागा बदलतात किंवा विरतात. त्यांच्याबरोबर ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा मूल एकदम मलूल पडले, तर घरी काहीही करत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कारण शोधताना पुरळ कोठे आहे हे नीट पाहावे. शाम्पूचा फेस ज्या वाटेने ओघळतो त्याच वाटेने त्याचे चट्टे उमटतात: कपाळाची कड, कानामागची घडी, मानेच्या दोन्ही बाजू आणि पाठीचा वरचा भाग. बाळाच्या गळ्याच्या वळ्यांत, काखेत आणि जांघेत साबण अडकून राहतो, म्हणून तिथली त्वचा प्रथम सोलवटते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे आवर्जून सांगायला हवी. पुस्तकांतील छायाचित्रांत अशी पुरळे लालभडक दिसतात, कारण ती बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या त्वचेवर तोच दाह तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो. बोटे फिरवून लागणारा खरखरीतपणा आणि ऊबच तिथे अधिक खरे सांगतात.

दोषी घटकांत सुवासिक द्रव्ये अग्रभागी आहेत. मिथाइलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाला, म्हणजे उत्पादन खराब होऊ नये म्हणून घातल्या जाणाऱ्या रसायनाला, अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले, आणि धुऊन न टाकण्याच्या प्रसाधनांत तो वापरण्यास युरोपीय संघाने पुढे बंदी घातली. ओले पुसणे म्हणजे वाइप्स याच गटात मोडतात. डोळ्यांना झोंबू नये म्हणून बेबी शाम्पूत घातले जाणारे कोकॅमिडोप्रोपिल बीटेन २००४ साली त्याच यादीत आले होते. तिथे मुख्य दोष त्याच्या निर्मितीत उरणाऱ्या अशुद्ध अंशांचा असतो. ‘हायपोअलर्जेनिक’ (ॲलर्जीची शक्यता कमी असलेले) किंवा ‘नैसर्गिक’ हे शब्द मात्र कोणतीही खात्री देत नाहीत. लव्हेंडर आणि टी ट्री ही तेले नैसर्गिकच आहेत, आणि त्यांचीही ॲलर्जी होते.

त्वचेवरून धुऊन जाणारी वस्तू शरीरात किती खोल परिणाम करू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे आहे. तेथे चेहरा धुण्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाचे विघटित प्रथिन होते. तो नियमित वापरणाऱ्या २,०००हून अधिक लोकांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, गहू खाल्ल्यावर ॲलर्जी होऊ लागली आणि २०११ साली तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भुईमुगाच्या तेलाची मलमे दाह झालेल्या त्वचेवर लावल्याचा आणि मुलांमधील शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा संबंध दिसला होता. खाण्याच्या पदार्थांची ॲलर्जी अशी त्वचेतूनही जडू शकते. म्हणून, चट्टे उठलेल्या अंगाला डाळीचे पीठ, दूध, साय किंवा बदाम चोळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी त्वचेवर दिवाळीचे उटणे लावणे वेगळे. पण नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद आणि संत्र्याची साल यांची भरड सोलवटलेल्या त्वचेवर घासली, तर तिच्यावर घर्षण आणि सुवासिक द्रव्ये असा दुहेरी मारा होतो.

मग आराम कशाने पडतो? आधी संशयित वस्तू पूर्ण थांबवावी आणि अंगावर राहिलेला अंश साध्या कोमट पाण्याने, न चोळता, घड्या उघडून धुवावा. खाजेच्या जागी थंड पाण्यात भिजवून पिळलेले मऊ सुती फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे. बर्फ थेट लावू नये. पुढचे काही दिवस आंघोळ रोज घातली तरी चालेल, पण ती दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि पाणी कढत नसावे. बाळाला ऊन-ऊन पाण्याने न्हाऊ घालण्यात घरच्या मोठ्यांची माया असते, परंतु उष्णतेने खाज वाढते आणि स्निग्धता अधिक निघते. पाण्यात जंतुनाशकाचे टोपण ओतण्याची सवयही या काळात सोडावी. नंतर अंग टिपून, त्वचा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत सुवासरहित मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावावी आणि दिवसातून दोन-तीनदा पुन्हा लावावी. हे उपाय दिसायला किरकोळ असले, तरी निम्म्याहून जास्त काम त्यांनीच होते, कारण बुजायला हव्या त्या फटीच असतात.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. याउलट ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत झाल्याचे २०१३च्या एका अभ्यासात आढळले. कोकणातल्या आजीचे खोबरेल या बाबतीत महागड्या बाटलीपेक्षा भरवशाचे आहे, मात्र त्यात सुवास मिसळलेला नसावा.

दाह जास्त असेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडचे मलम थोड्या दिवसांसाठी देतात आणि त्यांच्या सांगण्यानुसार वापरल्यास ते सुरक्षित असते. धोका आहे तो औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या, तीव्र स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांचा. लहान मुलाची पातळ त्वचा त्यांनी आणखी पातळ होते. भारत सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले, तरी ती सहज मिळतात. झोप आणणारी ॲलर्जीची सिरपेही मनाने देऊ नयेत. गांध्यांवर ॲलर्जीविरोधी औषध उपयोगी पडते, संपर्कजन्य दाहाच्या खाजेवर त्याचा उपयोग फारसा नसतो. पिवळट खपल्या, पू, ताप किंवा एकसारख्या आकाराचे दुखरे फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्वचा पूर्ण बरी झाल्यावर वस्तू एकेक करून, मध्ये आठवडाभराचे अंतर ठेवून परत सुरू कराव्यात. पुरळ वारंवार येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच चाचणी करतात: संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवून, त्या काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी निरीक्षण केले जाते. रक्ताच्या तपासणीतून ही उशिराची ॲलर्जी कळत नाही. दाह शमल्यावर सावळ्या त्वचेवर फिकट किंवा काळसर डाग काही आठवडे, कधी काही महिने राहतात. फिकट डाग पाहून अनेक घरांत कोडाची धास्ती घेतली जाते, पण त्या डागांत रंग फक्त कमी झालेला असतो, कोडासारखा पूर्ण गेलेला नसतो, आणि तो कोणत्याही मलमाशिवाय हळूहळू भरून येतो.