फुफाट्यातली गाडी आणि जॉब कार्डवरची यादी

गाडी सर्व्हिसला सोडून घरी पोचतो न पोचतो तोच फोन येतो. ऑइल आणि फिल्टर तर ठरलेलेच असतात, पण सोबत इंजिन फ्लशिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीची गॅस, टायरमध्ये नायट्रोजन, 'हेही करून घ्या सर, आम्ही रेकमेंड करतो.' जॉब कार्डवरची, म्हणजे गाडीच्या कामांची नोंद असलेल्या कागदावरची, ही यादी अलिबागला, कोल्हापूरला आणि परभणीला जवळपास सारखीच निघते. गाडीची झीज मात्र जागेप्रमाणे बदलते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, काळ्या मातीचा फुफाटा उडतो, बोअरला क्षाराचं पाणी लागतं आणि पावसाळा सोडला तर हवा कोरडी असते. कुठली ओळ ठेवायची आणि कुठली खोडायची, हे बरंचसं यावरूनच ठरतं.

सर्वात महागड्या ओळीपासून सुरुवात करू. लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असलं की गंज झपाट्याने वाढतो. म्हणून कोकणात अंडरबॉडी कोटिंगला, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला गंजरोधक थर मारण्याला, अर्थ आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ते कशासाठी? आजच्या गाड्यांची बॉडी कारखान्यातच विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमरमध्ये बुडवून काढलेली असते. उलट चिखल नीट न धुता वर कोटिंग मारलं, तर ओल आतच अडकते.

फ्लशिंगचंही, म्हणजे रसायन टाकून इंजिन आतून धुण्याचंही, तसंच. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये मळ सुटा करणारी आणि तो तरंगत ठेवणारी रसायनं मुळातच असतात. ऑइल तपासायच्या डिपस्टिकवर ते काळं दिसतं ते बहुधा त्यामुळेच. काजळी इंजिनाला न चिकटता ऑइलमध्ये राहिलेली असते. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला वेगळ्या फ्लशची गरज नसते. आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात फ्लश टाकला, तर सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत जाऊन अडकण्याची भीती असते. म्हणजे जिथे गरज नाही तिथे तो निरुपयोगी आणि जिथे गरज वाटते तिथे जोखमीचा.

नायट्रोजनचा दावा गमतीचा आहे, कारण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. 'उन्हात प्रेशर वाढत नाही' हे तर भौतिकशास्त्राला धरूनच नाही. डिसेंबरातल्या पहाटे १२ अंशांना टायरमध्ये ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलं आणि तेच टायर मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंशांना मोजलं, तर गॅस कुठलाही असो, प्रेशर साधारण ५ पीएसआयने वाढलेलं दिसेल. नायट्रोजन रबरातून थोडा सावकाश झिरपतो, एवढं खरं. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने वर्षभर टायर ठेवून पाहिले: साध्या हवेचे सरासरी ३.५ पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ने. महिन्यातून एकदा, टायर गार असताना हवा तपासली की हा फरक उरत नाही. फुकट मिळाला तर घ्या.

एअर फिल्टरबाबत मात्र आपल्याकडे कंजुषी नको. इंजिनातल्या फिरत्या भागांमध्ये ऑइलचा जो थर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि त्याच मापाची धूळ सर्वात जास्त घासते. फिल्टर बदलण्यासाठी दिलं जाणारं कारण मात्र बऱ्याचदा चुकीचं असतं: 'मायलेज वाढेल.' अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आजच्या पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांवर हे तपासलं. फिल्टर तुंबला तरी मायलेजमध्ये फारसा फरक पडला नाही; आत येणारी हवा कमी झाली की इंजिनाचा संगणक पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. गाडीचा पिकअप मात्र कमी झाला. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच फिल्टर परत बसवायची आपली सवयही वाईट. जोरदार झोताने कागद फाटला, तर धुळीला थेट वाट मिळते.

आता ती ओळ, जिच्याबद्दल फोनवर क्वचितच आग्रह होतो: ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं, पाइपच्या रबरातूनसुद्धा. डॉट ४ प्रतीचं कोरडं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कन्नडच्या घाटात भरलेल्या गाडीने ब्रेक दाबत उतरताना डिस्क यापेक्षा कितीतरी जास्त तापतात. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतंच खाली जातं. हे ऑइल किलोमीटरने नाही, काळाने खराब होतं. गाडी वर्षभर शेडमध्ये उभी असली तरी सुटका नाही. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात. कोरड्या हवेमुळे आपल्याकडे ओल थोडी सावकाश मुरत असेल, पण ब्रेकच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नये. ऑइलमधलं पाणी तपासायचं मीटर मिळतं. मिस्त्रीला ते लावायला सांगा.

दुसरी ओळ कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची. गाडी तापली की ढाब्यावरचं बोअरचं पाणी ओतायचं, ही आपली रीत. त्यातले क्षार तापलेल्या पृष्ठभागावर बसतात, अगदी घरातल्या हीटरच्या कॉइलवर बसतात तसे, आणि मग इंजिनाची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. अडचणीत ओतावं लागलंच, तर गावी पोचल्यावर ते काढून टाकून डिस्टिल्ड वॉटरमधलं कूलंट भरून घ्यावं.

एसीची गॅस 'दरवर्षी भरायची' नसते. ती बंद नळ्यांत फिरते. एका वर्षात संपली असेल तर आधी गळती शोधायला सांगा, गॅस नंतर.

आणि मॅन्युअल उघडाच. बहुतेक मॅन्युअलमध्ये नेहमीच्या तक्त्याशिवाय खडतर वापराचा वेगळा तक्ता किंवा सूचना असते: धूळ, कडक ऊन, जास्त ओझं. तिथे ऑइल आणि एअर फिल्टरची मुदत कमी केलेली दिसते. बीड-परभणीकडच्या कच्च्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीला तोच तक्ता लागू होतो, आणि जॉब कार्ड भरताना सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने तो पाहिलेला असेलच असं नाही.