कातळात खणलेली खोली

तळघराच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसला की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो येतो, पोपडे खरवडतो, डॅम्पप्रूफचे दोन हात मारतो आणि दिवाळीत भिंत छान दिसते. पुढच्या जुलैत तोच डाग थोडा वाढून परत येतो. मग मिस्त्री, मग केमिकलवाला, मग ‘सरळ टाइल्स ठोकून टाका’ असं सांगणारा एखादा मेहुणा. एवढा खर्च होतो, पण हे पाणी नेमकं कुठलं, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

पुण्यात याचं उत्तर जमिनीखालून शोधायला लागतं. आपलं शहर वसलंय ते साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांवर. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. अखंड काळा पाषाण पाण्याला दाद देत नाही. पाणी फिरतं ते त्याच्या भेगांतून, मुरमातून आणि विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या खडकातून. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारख्या लाल, चिकण मातीची पट्टी असते. ती पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून पाणी तिच्यावरून आडवं सरकतं आणि उतार कापला गेला असेल तिथे बाहेर येतं. बावधनमध्ये रामनदीच्या परिसरात आजही जिवंत झरे आहेत, ते जमिनीखालच्या अशाच वाटांनी आलेल्या पाण्याचे.

या थरांत आपण ब्रेकर लावून तीन-चार मीटर खोल चौकोनी खड्डा घेतो. विहीर खणणारा शेतकरी हेच करत आला. फरक एवढाच, की पाझर फुटला की तो नारळ फोडतो आणि आपण कंत्राटदाराशी भांडतो.

या खडकाची आणखी एक खोड आहे. त्यात पाणी मावायला जागा फार थोडी. वाळूच्या प्रदेशात जमिनीच्या आकारमानाच्या दहा-वीस टक्के जागेत पाणी साठू शकतं. आपल्या झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टमध्ये ही जागा साधारण १ ते ३ टक्के असते. २ टक्के धरा. मग फक्त २० मिलिमीटर पाणी खाली मुरलं की भूजलाची पातळी एक मीटरने वर येते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा एक छोटा हिस्साच मुरतो, पण तेवढ्यावरही पातळी काही मीटर वर-खाली होते. जूनमध्ये कोरडं ठणठणीत असलेलं तळघर ऑगस्टमध्ये भूजलात उभं असू शकतं. बिल्डरने मे महिन्यात ‘साहेब, इथे पाणीच नाही’ म्हणून दाखवलेला खड्डा काहीच सिद्ध करत नाही.

त्यात भर पडते ती भरावाची. खड्डा भिंतीपेक्षा मोठा घेतलेला असतो. भिंत उभी राहिली की बाजूची पोकळी राडारोडा, विटांचे तुकडे, मुरूम, हाती लागेल त्याने भरली जाते. भोवतीच्या कातळापेक्षा हा भराव कितीतरी पोकळ. पावसाचं पाणी त्यात सहज उतरतं आणि कातळातून लवकर निघून जात नाही. घराला चारही बाजूंनी पाण्याची चर पडते. गच्चीवरचा पाइप या भरावाजवळ सोडलेला असेल तर बघायलाच नको. दीडशे चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ७,५०० लिटर पाणी जमतं, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा पाऊण टँकर. एका पावसात तेवढं पाणी आपण स्वतःच्या भिंतीच्या पायाशी ओततो. बंगल्यांच्या कितीतरी तक्रारी पाइप लांब नेऊन आणि भिंतीलगतच्या फरशीचा ढाळ बाहेरच्या बाजूला काढून मिटतात. हे काम इतकं स्वस्त आहे की कुणी सुचवतच नाही.

बाहेर पाणी उभं राहिलं की दाब येतो. पाण्याचा स्तंभ दोन मीटर असेल तर तळाशी दर चौरस मीटरला दोन टनांचा दाब असतो, आणि तो फक्त भिंतीवर नाही, जमिनीवर खालूनही असतो. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या लादीचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो. खालून दोन हजार किलोचा रेटा आणि वर पावणेचारशे किलोचं वजन, असा हा सामना. म्हणून पाण्यात बसणाऱ्या तळघराला नुसती फरशी पुरत नाही, भिंतींशी सळ्यांनी बांधलेला जाड राफ्ट, म्हणजे पायाची सलग काँक्रीटची लादी लागते. जुन्या बंगल्यात नंतर ‘काढलेल्या’ तळघराची जमीन मध्यभागी फुगून फरश्या उखडल्या असतील, तर ते फरशीवाल्याचं पाप नसून आर्किमिडीजचा नियम आहे.

दाब नसतानाही भिंत ओली होते, ती केशाकर्षणामुळे. विटा, गिलावा आणि काँक्रीट यांत सूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं, आणि नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते सैद्धांतिक हिशेबाने दीड मीटर चढू शकतं. प्रत्यक्षात भिंतीच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत राहतं आणि चढणं व सुकणं जिथे जुळतं तिथे ओलीची रेषा थांबते. मेहुण्याच्या टाइल्स इथे फसतात. खालच्या भागाला टाइल्स लावल्या की तिथलं सुकणं बंद होतं आणि ओल टाइल्सच्या वर डोकं काढते. पाणी उडून जाताना त्यातले क्षार मागे राहतात. हाच लोणा. त्याचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढले की आतून ढकलतात आणि रंगासकट खपली सुटते. मात्र नुसत्या केशाकर्षणाचं पाणी भिंतीबाहेर ठिबकत नाही. ज्या ओढीने ते वर चढतं तीच त्याला छिद्रात धरून ठेवते. थेंब गळत असेल, ओघळ येत असेल, तर मागे दाब आहे किंवा वरून कुठून तरी पाणी उतरतंय.

तिसरा प्रकार म्हणजे चक्क हवेतलं पाणी. पावसाळ्यात पुण्याची हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास येतो. जमिनीत गाडलेली भिंत साधारण तेवढीच किंवा थोडी कमी गरम असते. ‘हवा खेळू दे’ म्हणून तळघराच्या खिडक्या सताड उघडल्या की बाहेरची दमट हवा आत येऊन भिंतीवर पाणी सोडते. अशा तळघरात हजारो रुपयांचं केमिकल मारलं तरी बुरशी तशीच राहते. तिथे खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर लावणं हाच उपाय, आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब.

हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. भिंत वरवर पुसून कोरडी करायची आणि दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारही कडांना टेपने घट्ट चिकटवायचा. दिवसभराने बघायचं. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दव साचलं तर ते हवेतलं. दोन्हीकडे असेल तर दोन्ही रोग आहेत, आणि हे बऱ्याचदा होतं.

ओल भिंतीतूनच येतेय असं ठरलं की वेळ बघायची. मोठी सर पडल्यावर काही तासांत भिंत ओली होत असेल तर गच्ची, अंगण, भराव यांवर संशय घ्यावा. पावसाळा निम्मा सरल्यावर ओल सुरू झाली आणि पाऊस थांबल्यावरही दिवाळीपर्यंत टिकली, तर भूजल. सोसायटीत याचं आयतं मोजमाप म्हणजे लिफ्टचा खड्डा. इमारतीतली ती सर्वांत खोल जागांपैकी एक, म्हणून पाणी तिथे आधी दिसतं. (तो लिफ्टच्या माणसाकडूनच उघडून घ्यावा, चेअरमननी उतरू नये.) एप्रिल-मेमध्येही भिंत ओलीच असेल, तर पावसाला दोष देणं सोडा आणि जमिनीखालची टाकी, पाण्याची लाइन, ड्रेनेजचं चेंबर आणि रोज सकाळी भरभरून पाणी पिणारी बाग तपासा. पर्वती, स्वारगेट, हडपसर या पट्ट्यात मुठा उजव्या कालव्याजवळ राहत असाल, तर कालव्याला पाणी सोडल्याच्या तारखाही ओलीच्या तारखांशेजारी लिहून ठेवाव्यात.

अनेकांच्या घरी आरओबरोबर आलेलं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर असतं, तेही इथे कामाला येतं. खडकवासल्याकडून येणारं महापालिकेचं पाणी कमी क्षारांचं असतं आणि बेसाल्टमधल्या बोअरचं सहसा त्याच्या काही पट जास्त क्षारांचं. गळणाऱ्या पाण्याचा आकडा नळाच्या आकड्याजवळ असेल तर आधी प्लंबरला बोलवा. पण भिंतीवरून ओघळलेलं पाणी मोजू नका, कारण काँक्रीटमधून येताना ते चुना उचलतं आणि आकडा फुगतो. पाणी जोरात येतंय तिथलं किंवा पंपाच्या खड्ड्यातलं घ्या. ड्रेनेजचा संशय असेल तर वरच्या संडासात रंग टाकून फ्लश करा; रंग खाली दिसला की वाद मिटला.

उगम भूजलातच निघाला, तर मग भिंतीकडे वळायचं. चांगलं काँक्रीट स्वतःहून फारसं गळत नाही. गळतात ते त्याचे सांधे: राफ्ट आणि भिंत मिळतात तो किकरचा सांधा, शटरिंगच्या टाय रॉडची नीट न बुजवलेली भोकं, पाइप आरपार जातात त्या जागा आणि व्हायब्रेटर न फिरवल्याने खडी उघडी पडलेलं हनीकोंब. आणि भेगा. भेगेतून येणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रुंदी दुप्पट, तर पाणी आठपट. आपल्या आयएस ४५६ या मानकात जमिनीला किंवा भूजलाला टेकलेल्या काँक्रीटसाठी ०.२ मिलिमीटर ही भेगेची मर्यादा सुचवली आहे, ती यामुळे अगदीच किरकोळ वाटू नये. अगदी बारीक भेगा पुष्कळदा आपणहून बुजतात. उरलेल्या सिमेंटची पाण्याशी क्रिया होते, विरघळलेल्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनून भेगेत बसतं. म्हणून नव्या तळघरातली एखादी घामेजलेली रेष एक पावसाळा बघून सोडायला हरकत नाही. ओघळ मात्र सोडू नये.

वॉटरप्रूफिंगची उत्तम जागा बाहेरची बाजू, कारण तिथे पाण्याचा दाब थराला भिंतीवर दाबून बसवतो. आपल्याकडची बॉक्स टाइप पद्धत याच तत्त्वावर चालते: बाहेरून खडबडीत शहाबादी फरशी, सांधे सिमेंटने भरलेले आणि मागच्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण. पण हे बांधतानाच करायचं काम. भराव टाकला की बाहेरची बाजू हाताबाहेर गेली. आतून लावलेल्या थराला तोच दाब भिंतीपासून सोलून काढतो. तेलरंग, प्लास्टिक पेंट, भिंतीला चिकटवलेलं पॅनेलिंग या लढाईत पहिल्याच पावसाळ्यात पडतात. आतून करायचंच असेल तर दोन गोष्टींना अर्थ आहे. एक म्हणजे काँक्रीटच्या छिद्रांत शिरून चुन्याशी आणि पाण्याशी क्रिया करून स्फटिक तयार करणारा सिमेंटी लेप. तो काँक्रीटचाच भाग होतो, त्यामुळे सोलला जात नाही. मात्र त्याला उघडं काँक्रीट लागतं, रंग आणि गिलावा काढावाच लागतो. दुसरं, वाहत्या भेगेसाठी पीयू ग्राउटिंग: भेगेला आत छेद जाईल अशी तिरकी भोकं पाडायची, नोझल बसवायचे आणि पंपाने पॉलियुरेथेन भरायचं. पाणी लागताच त्याचा फेस होऊन तो फुगतो आणि वाट बुजवतो. ज्या पाण्याचा त्रास, त्याच्याच जोरावर हा उपाय चालतो, म्हणून तो भर पावसात केला तरी चालतो. एक वाट बुजवली की पाणी दुसरी शोधतं, तेव्हा ‘एका दिवसात, दहा वर्षांची गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून दुसऱ्या फेरीचा दर आधीच लेखी घ्यावा. भेगा पावसाळ्यात खडूने आखून ठेवाव्यात. उन्हाळ्यात त्या सापडत नाहीत.

पुण्यात अलीकडे एक नवी अडचण दिसते. पाणी मुरवणं चांगलंच, पण शोषखड्डा भिंतीपासून हाताच्या अंतरावर घेतला की गच्चीचं सगळं पाणी पाइपने नेऊन त्याच पोकळ भरावात सोडल्यासारखं होतं. मुरवायचं ते घरापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि शक्यतो राफ्टच्या तळाखालच्या थरात.

भूजल फारच वर येत असेल, तर पाण्याशी तडजोड करावी लागते: भिंतीच्या पायाशी चर, एका कोपऱ्यात खड्डा, फ्लोट स्विच लावलेला सबमर्सिबल पंप आणि वीज गेली तर चालेल असा दुसरा. मीटर बोर्ड, इन्व्हर्टर, प्लग यांना तळघरात खालची जागा देऊच नये. साचलेल्या पाण्यात मेन स्विच बंद केल्याशिवाय पाय टाकू नये. काढलेलं पाणी गटारात सोडण्यापेक्षा फ्लशला आणि झाडांना वापरता येतं, फक्त त्यात ड्रेनेज मिसळलेलं नाही याची खात्री हवी. पंपाचं पाणी अधूनमधून काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळ स्वच्छ राहिला तर पंप खुशाल चालू द्या. दर वेळी मातीचा थर बसत असेल, तर पाण्याबरोबर पायाखालची मातीही बाहेर येतेय, आणि तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं असतं.