हिंगाच्या डबीतला गहू

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: 'मुलांना पाकिटातलं काही देऊ नका, घरचं नैसर्गिक द्या, निम्मे आजार पळतील.' खाली हात जोडलेल्यांची रांग. माझी कुडाळची मामेबहीण मात्र गप्प. तिच्या सात वर्षांच्या मुलाला सिलिॲक नावाचा आतड्याचा आजार आहे, आणि त्याला दोन वर्षं आजारी ठेवणारी वस्तू पाकिटातून आलीच नव्हती. बाजारातून पारखून आणलेले गहू, घरी निवडलेले, आणि आईने लाटलेली चपाती. याहून नैसर्गिक ते काय?

पोट फुगलेलं, हातपाय काड्या, लोहाच्या बाटल्या संपल्या तरी हिमोग्लोबिन जागचं हलेना. नजर काढून झाली, देवळात गाऱ्हाणं घालून झालं. गाऱ्हाण्याला माझी ना नाही. त्या नादात रक्त तपासायचं राहतं, त्याला आहे. रक्तातल्या टीटीजीविरोधी प्रतिपिंडांची तपासणी (टीटीजी म्हणजे काय ते पुढे येतंच), मग दुर्बिणीतून आतड्याचा इवला तुकडा, अशी निदानाची वाट. ती पुरी होईपर्यंत गहू बंद करायचा नसतो, कारण गहू थांबला की प्रतिपिंडं उतरतात आणि तपासणी फसते.

आता माझ्या आवडीचा भाग. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, एवढं शाळेत झालंय. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ग्लायडिन नावाची प्रथिनं असतात आणि त्यांत प्रोलिन हे अमिनो आम्ल भरमसाट. इतर अमिनो आम्लांची शेपटी मोकळी लोंबते. प्रोलिनची शेपटी वळून माळेच्या दोऱ्यातच अडकलेली असते. तिथे माळ वाकते, ताठरते आणि पेप्सिन-ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमांच्या कात्र्यांना पातं घालायला जागाच उरत नाही. सुंभाच्या गाठीशी कोयती अडावी, तसं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी असा एक न तुटणारा तुकडा दाखवून दिला. तो 33 अमिनो आम्लांचा, त्यांत 13 प्रोलिन आणि 10 ग्लुटामिन.

हा तुकडा तुमच्या-माझ्या पोटातही पुरता पचत नाही, पण आपल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. गंमत पुढे आहे. आतड्याच्या अस्तरात टीटीजी नावाचं एन्झाइम असतं. त्याचं रोजचं काम प्रथिनांना प्रथिनं जोडून जखमा सांधण्याचं. तेच या तुकड्यातल्या काही ग्लुटामिनचं ग्लुटामेट करून टाकतं. बदल एवढासाच, पण जिथे विद्युतभार नव्हता तिथे ऋणभार येतो. काही जणांच्या रोगप्रतिकारक पेशींवर एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 नावाची प्रथिनं असतात आणि त्यांच्या खोबणीला नेमका ऋणभार मानवतो. तुकडा तिथे चपखल बसतो आणि टी-पेशींपुढे, म्हणजे शरीराच्या शिपायांपुढे, शत्रू म्हणून धरला जातो. शरीर मग गव्हाच्या तुकड्यावर चालून जातं आणि टीटीजीवरही, म्हणजे स्वतःच्याच माणसावर. रक्तात शोधतात ती प्रतिपिंडं हीच.

या मारामारीत भरडले जातात ते लहान आतड्याचे व्हिलाय, म्हणजे मिलिमीटरभरही उंच नसलेले बोटांसारखे उंचवटे. निरोगी आतडं म्हणजे आषाढातला दाट तरवा. त्यावरून पुराचं पाणी जाऊन रोपं जमीनदोस्त व्हावीत, तसं ते सपाट होतं. मग लोह शोषायचं कुणी? बाटल्या कितीही ओता.

कोकणात हा आजार कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही, त्याला कारण आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतभरच्या पाहणीत प्रौढांमधलं सिलिॲकचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के निघालं. वर सांगितलेल्या खोबणीची जनुकं मात्र दोन्हीकडे भरपूर होती. गव्हाचं ताट वेगळं होतं. आपण पेज-भाताचे. पण आता चहासोबत खारी, डब्यात चपाती आणि संध्याकाळी पाव आला आहे.

उपाय एकच, गहू आणि त्याची चुलत भावंडं (जव, राय) आयुष्यभर बंद. हे कळायला वेळ लागला. 1924 मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी खाऊ घालून बरं केलं आणि केळ्यात औषध आहे असं ठरवलं. खरं तर केळ्यांपायी पाव बंद झाला होता! नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना 1930च्या दशकापासून गव्हाचा संशय होता. 1944-45च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेना, तेव्हा ही मुलं सुधारली. पाव परतला तसा आजारही परतला. 1950 मध्ये त्यांचा प्रबंध आला.

भाजा, तळा, चार तास आंबवा, प्रोलिनच्या गाठी घरच्या स्वयंपाकात सुटत नाहीत. म्हणून 'प्रक्रिया केलेलं वाईट, न केलेलं चांगलं' ही विभागणी इथे फसते. खपली गहू 'जुना, देशी, म्हणून चालतो' असं सांगून विकणाऱ्यांना तर हात जोडावेत. तो 33चा तुकडा खपलीत नसतो, हे खरं. त्याचा जनुक गव्हाच्या ज्या गुणसूत्र-संचात आहे तो संच खपलीत नाही. पण त्रास देणारे दुसरे तुकडे आहेतच.

तरीही अशा मुलांसाठी अख्खी, ओळखू येणारी वस्तू घ्या असं मी म्हणेन, कारण बांगडा म्हणजे फक्त बांगडा, कुळीथ म्हणजे फक्त कुळीथ. वस्तू जितक्या हातांतून आणि यंत्रांतून जाते तितक्या ठिकाणी चौकशी करावी लागते. बहिणीने घरातली खारी, शेवया, रवा सगळं काढलं. बांगडा रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवून तळू लागली. दुधात घालायची माल्टची पावडर गेली, कारण त्यातला माल्ट बहुधा जवाचा असतो. त्याजागी नाचणीचं सत्त्व आलं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, त्यामुळे तोटा काहीच नाही. तरी सहा महिन्यांनी प्रतिपिंडं चढलेलीच. शेवटी वरणाच्या फोडणीतल्या हिंगाची डबी तिने उलटी करून वाचली: 'खाद्य पीठ (गहू)'. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पीठ आणि डिंक घालून सौम्य करतात, आणि पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं.

दुसरा चोर गिरणीत सापडला. तांदूळ घेऊन ती गेली, तर गिरणीवाले काका म्हणाले, "वायच थांब गो, ह्यां दळाण झालां की तुझां टाकतंय." आतलं दळण गव्हाचं. तिने सहज त्यांच्या भिवयांकडे पाहिलं, त्याही पिठाने पांढऱ्या. ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन ढोबळमानाने दहा टक्के धरा, म्हणजे किलोभर तांदळाच्या पिठात कणकेची एक चिमूटही जास्त होते. गिरणीच्या पाळूत तर मूठभर तरी अडकून राहते.

काकांनी तिला मंगळवारची सकाळ दिली. सोमवारी गिरणी बंद, साफसफाई, मग पहिलं दळण तिचं, आणि त्यातलं पहिलं किलोभर गुरांच्या घमेल्यात. तरी तिचं मन मानेना. आता भाकरीपुरतं पीठ ती घरघंटीवर दळते, जिच्यात गहू कधी पडलेलाच नाही. घावन आणि आंबोळीला तर पीठच लागत नाही. रात्री भिजवलेले तांदूळ सकाळी रगड्यावर वाटायचे. आजीचा रगडा पडवीत पालथा पडून होता, तो उचलायला मात्र तिघं लागली.