ठिणगी कुणाची?

ओढ्यातल्या दोन पांढऱ्या गारगोट्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. आत पिवळसर उजेड चमकतो, जळकट वास येतो. पण शेजारी कापूस धरून तासभर घासा, तो पेटणार नाही. गारगोटीला बारीक तडे जाताना निघणारा तो उजेड थंड असतो. तरीही परवा भाचीच्या चित्रांच्या पुस्तकात आदिमानव दोन दगड आपटून शेकोटी पेटवताना दिसलाच. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाजवळ पेटवणासाठी वाळवलेली अळंबी होती आणि तिला पायराइटचे कण चिकटलेले होते. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचे खनिज. दगडाने दगड पेटत नाही. पेटणारे काहीतरी लागतेच.

हे हाताला पक्के ठाऊक असलेले लोक म्हणजे चकमकीची, म्हणजे गारेच्या कठीण दगडाने ठिणगी पाडणारी बंदूक घडवणारे कारागीर. १८व्या शतकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन बोलणारे स्थलांतरित कारागीर ठासणीच्या लांब रायफली बनवत. लोखंडी पट्टी लाल करून गजाभोवती वळवायची, सांधा ठोकून एकजीव करायचा, नळी आतून कोरायची, तिच्यात पिळाच्या खाचा पाडायच्या, मेपलच्या लाकडाचा दस्ता तासायचा. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग इथे हे काम आजही त्याच जुन्या पद्धतीने करून दाखवतात. माझा जीव मात्र अडकला आहे तो बोटभर लांबीच्या एका पोलादी पाटीत.

घोडा म्हणजे बंदुकीचा आपटणारा खटका. त्याच्या जबड्यात चकमकीचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा झेपावतो, चकमकीची धार पाटीला खरवडत खाली येते, पाटी मागे उलटते आणि तिच्याखाली झाकलेली रंजकाची, म्हणजे पेटवणाच्या बारीक दारूची वाटी उघडी पडते. ठिणग्या रंजकात पडतात आणि तिथली आग कान्यातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, नळीतल्या दारूपर्यंत पोचते. डोळ्याला हे सगळे एकाच क्षणी झाल्यासारखे दिसते.

ठिणगी कुणाची, याचे उत्तर रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये छापले. पांढऱ्या कागदावर ठिणग्या पाडून त्याने उरलेले काळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तिथे त्याला चकचकीत गोळे दिसले. पोलादाचा कपचा वितळून थेंब झाला होता आणि थेंबासारखाच गोल होऊन थिजला होता. चकमकीचे काम फक्त तासण्याचे. घर्षणाने कपचा तापतो, मग हवेतला ऑक्सिजन त्याला पकडतो आणि तो जळू लागतो. खिळा असा का जळत नाही? एक सेंटिमीटरच्या लोखंडी ठोकळ्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण केले तर ते ६००० होते. तेवढी उघडी बाजू मिळाल्यावर जळणे उष्णता निसटण्यापेक्षा वेगवान ठरते. त्यात कार्बन असेल तर त्याचा वायू होऊन थेंब फुटतो आणि ठिणगीला फांद्या येतात. ग्राइंडरवरच्या ठिणग्या बघून पोलाद ओळखणारे फिटर हेच वाचतात.

पाटी मऊ लोखंडाची असेल तर चकमक नुसती ओरखडे काढते, कपचे सुटत नाहीत. म्हणून हाडांचा आणि चामड्याचा कोळसा भरलेल्या बंद डब्यात पाटी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो लोखंडाच्या पृष्ठभागावर मोडतो आणि कार्बन आत मुरत जातो. दुप्पट खोली हवी तर चौपट वेळ. या तापमानाला लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी असते की तिच्यात बराच कार्बन मावतो. थंड लोखंडाच्या मांडणीत जवळपास काहीच मावत नाही. सावकाश निवू दिले तर कार्बन बाहेर पडून वेगळा होतो. एकदम पाण्यात बुडवले तर त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो अणूंच्या मांडणीच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते, आणि ताणलेली जाळी म्हणजेच कडकपणा.

हे पाणी देणे. याभोवती फार बुवाबाजी झाली. १२व्या शतकातल्या थिओफिलस या भिक्षूने लाल केसांच्या लहान मुलाचे मूत्र वापरा असे लिहून ठेवले आहे. त्यात मुलाच्या केसांचा काही संबंध नाही. मूत्र खारट असते, आणि खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा झपाट्याने उष्णता ओढते, इतकेच. मिठाचे पाणी घ्या, काम तेच होईल.

एवढी कडक पाटी काचेसारखी तडकते, म्हणून तिला पुन्हा हलकी शेकतात. घासून पांढरी केलेल्या पोलादावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढू लागतो आणि ओल्या रस्त्यावरच्या तेलासारखे रंग उमटतात. २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, ३००च्या जवळ निळा. पाटीची तोंडाची बाजू पिवळ्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. बिजागरीकडची बाजू आणि आतली स्प्रिंग निळी होईपर्यंत शेकतात. थर्मामीटर नसलेल्या भट्टीत हा रंगच थर्मामीटर.

मग रात्री, दिवा मालवून, रिकाम्या वाटीवर चाप ओढून बघायचा. लालसर, मरगळलेल्या ठिणग्या पडल्या तर पाटी पुन्हा भट्टीत जाते. पांढऱ्या-पिवळ्या, वाटीत पडून फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तरच ती बंदुकीवर चढते. पुढे वापरात दर चापाला तिचा थोडा अंश जळतो. संग्रहालयात चकमकीची जुनी बंदूक दिसली तर घोड्याच्या समोरची पाटी जवळून बघा: मध्ये खोलगट झालेली, उभ्या चऱ्या पडलेली, आणि काही ठिकाणी तर झिजलेल्या तोंडावर पोलादाचा नवा पत्रा रिव्हेटने ठोकून बसवलेला.