मॉर्टन डॉइच आणि भांडण सोडवण्याचं मानसशास्त्र

मॉर्टन डॉइच (१९२०–२०१७) हे अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ. भांडण होणारच हे त्यांनी धरूनच ठेवलेलं, त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता, की एकदा भांडण लागलं की ते काही ठिकाणी दोघांच्या फायद्याचं ठरतं आणि काही ठिकाणी दोघांनाही बुडवतं, हे नेमकं कशावरून ठरतं. आज मध्यस्थी, वाटाघाटी, शाळेतली भांडणं मुलांनीच मिटवणं असं जे काही शिकवलं जातं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्यांच्या कामात सापडतं. आपल्या ठाणे-नवी मुंबईत पार्किंगपासून जमिनीच्या मोबदल्यापर्यंत आणि भिवंडीच्या दंगलींपर्यंत सगळ्या आकाराची भांडणं झालीयत, म्हणून ही नोंद इथल्या उदाहरणांसकट लिहितोय.

जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, ज्यू घरात. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन हवाई दलात नॅव्हिगेटर होते, जर्मनांवरच्या तीसेक बॉम्बफेकीच्या मोहिमांवर गेले. युद्ध संपलं, हिरोशिमा झालं, संयुक्त राष्ट्रसंघ उभा राहिला, आणि हा तरुण एमआयटीमध्ये सामाजिक मानसशास्त्रातले मोठे नाव असलेल्या कर्ट लेविनकडे पीएचडीला बसला तेव्हा डोक्यात एकच विषय, की सुरक्षा परिषदेतले देश एकमेकांना सांभाळून घेतील की एकमेकांवर कुरघोडी करतील. आता सुरक्षा परिषदेवर प्रयोग कोण करू देणार, म्हणून त्यांनी तोच प्रश्न कॉलेजच्या वर्गात आणला. विद्यार्थ्यांचे छोटे गट केले, काही गटांना सांगितलं मार्क सगळ्या गटाला मिळून एकच, काहींना सांगितलं गटातल्या गटात तुमचे नंबर लागणार. एकत्र मार्कवाले गट एकमेकांचं ऐकायचे, काम वाटून घ्यायचे, कामही जास्त चांगलं व्हायचं. नंबरवाल्या गटांमध्ये दुसऱ्याचा मुद्दा ऐकण्यातच कुणाला रस नसायचा. १९४८ मध्ये पीएचडी झाली आणि पुढच्याच वर्षी सहकार आणि स्पर्धेबद्दलची त्यांची थिअरी छापून आली. दहावीच्या मार्कांवरून सोसायटीत अबोला धरणाऱ्या पालकांनी तरी हे वाचावं.

पुढचं काम जास्त धाडसाचं. त्या काळात अमेरिकेत सरकारी घरांच्या वसाहतींमध्ये काळे आणि गोरे वेगवेगळे ठेवायची पद्धत होती. डॉइच आणि मेरी इव्हान्स कॉलिन्स यांनी न्यूयॉर्कच्या मिश्र वसाहती आणि शेजारच्या न्यूअर्कमधल्या वेगळ्या ठेवलेल्या वसाहती यांची तुलना केली, तिथल्या गृहिणींशी बोलून. मिश्र वसाहतीत एकाच जिन्यावर, एकाच कपडे धुवायच्या खोलीत रोज गाठ पडायची आणि तिथल्या गोऱ्या बायकांची काळ्या शेजारणींबद्दलची मतं बदललेली दिसली, वेगळ्या वसाहतींमध्ये ते जवळपास झालंच नव्हतं. १९५१ मध्ये हे पुस्तकरूपात आलं आणि न्यूअर्कने आपलं धोरण बदललं. आपल्याकडे १९९२-९३ नंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला येऊन राहिली आणि आजही भाड्याने घर बघायला गेलं की आडनाव विचारून, खाणंपिणं विचारून 'मालक तयार नाहीत' असं एजंट फोनवर सांगतो. ज्या जिन्यावर रोजची गाठच पडणार नाही तिथे मत बदलणार कसं, हा डॉइचचा प्रश्न त्या फोनला लागू आहे.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मात्र ट्रकचा. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात ते बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत होते, तिथे रॉबर्ट क्राउससोबत हा खेळ तयार केला, १९६० मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन खेळाडू, दोघांच्या दोन ट्रक कंपन्या, एक अॅक्मी, एक बोल्ट. माल पोचवला की पैसे, पण जितका वेळ लागेल तितके कापले जाणार. जवळच्या रस्त्यावर मध्येच एक पट्टा असा की एका वेळी एकच ट्रक जाईल, आणि दोघं समोरासमोरून येतात. लांबचा दुसरा रस्ता आहे पण त्याने गेलं की तोटाच. शहाणपणाचा मार्ग उघड आहे, एकदा तू आधी, एकदा मी आधी. आता गंमत अशी की काही जोड्यांना फक्त रस्ता दिला, काही जोड्यांमध्ये एकालाच आपल्या बाजूने रस्ता बंद करायचं फाटक दिलं, आणि काहींमध्ये दोघांनाही. ज्यांच्याकडे फाटकच नव्हतं त्या जोड्यांनी दोघांत मिळून पैसे कमावले. एकाकडे फाटक होतं तिथे दोघंही तोट्यात गेले, ज्याच्या हातात फाटक होतं तोसुद्धा. दोघांकडे फाटक होतं तिथे तोटा सगळ्यात मोठा. 'दोघांच्याही हातात सारखंच हत्यार असलं की कुणी वापरणार नाही' हे जे आपण हमखास ऐकतो, ते या खेळात तरी सपशेल खोटं ठरलं.

मला यात सोसायटीतला चाकाला लावायचा जॅमर दिसतो. घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये बघा, व्हिजिटरच्या जागेत कुणाची तरी दुसरी गाडी उभी, कमिटी जॅमर लावते, तो माणूस मुद्दाम सेक्रेटरीच्या गाडीच्या मागे बाईक आडवी लावतो, मग मेंटेनन्स थांबवतो, मग रजिस्ट्रारकडे तक्रार, आणि ज्या एका जागेवरून सुरू झालं ती जागा रात्री रिकामीच असते. वॉचमन बिचारा दोन्हीकडून शिव्या खातो. 'आधी त्यांना गाडी काढायला सांगा, मग बोलू' या एका वाक्यावर मीटिंगा संपतात.

आणि नुसतं बोलायला दिलं म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. पुढच्या प्रयोगांमध्ये खेळाडूंना एकमेकांशी बोलायची सोय दिली, तरी फाटकवाल्या जोड्यांमध्ये फार फरक पडला नाही, बोलणंही धमकीचंच व्हायचं किंवा कुणी बोलायचंच नाही. फरक तेव्हा पडला जेव्हा त्यांना कसं बोलायचं ते शिकवलं, म्हणजे दोघांनाही पटेल असा प्रस्ताव ठेवा, समोरच्याच्या जागी आपण असतो तर मान्य केला असता का ते बघा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोसायटीची भांडणं का मिटत नाहीत याचं उत्तर मला इथे मिळतं, तिथे बोलायला भरपूर मिळतं पण प्रस्ताव कुणीच ठेवत नाही.

१९६३ पासून ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये होते. १९७३ मध्ये भांडणाच्या निराकरणावरचं त्यांचं मुख्य पुस्तक आलं आणि त्यात एक साधा नियम आहे ज्याला ते स्वतःच 'ढोबळ नियम' म्हणायचे: ज्या प्रकारच्या नात्यातून जसं वागणं येतं, तसं वागायला लागलं की तसंच नातं तयार होतं. म्हणजे संशय, लपवाछपवी, धमकी हे स्पर्धेतून येतं आणि तेच केलं की स्पर्धा वाढते. उलट मोकळेपणा, मदत, सारखेपणा शोधणं हे सहकारातून येतं आणि त्यानेच सहकार तयार होतो. सुरुवात कशी झाली याला म्हणून इतकं वजन. १९८६ मध्ये त्यांनी तिथे सहकार आणि संघर्ष-निराकरणाचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं. या सगळ्याच्या जोडीला ते बरीच वर्षं मानसोपचारही करत होते, हे फार लोकांना माहीत नसतं.

हा नियम प्रत्यक्षात बघायचा तर भिवंडी. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्यांचा प्रयोग केला, दोन्ही समाजातली साधी माणसं आणि भागातला पोलीस असे नियमित एकत्र बसायचे. मोठ्या नेत्यांची शांतता समिती दंगल लागल्यावर बसते, ही कमिटी दंगल नसताना बसायची, आणि खरा फरक तोच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. हे डॉइच वाचून केलेलं नव्हतं, पण त्यांच्या सिद्धांताला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्यांचे विद्यार्थीही मोठे झाले. डेव्हिड जॉन्सन यांनी वर्गातल्या सहकारी शिक्षणावर काम केलं, पीटर कोलमन यांनी वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या भांडणांवर. कोलमन म्हणतात अशी हट्टी भांडणं साधारण पाच टक्केच असतात पण नुकसान त्यांच्यामुळेच जास्त होतं. पुढे ते मानववंशशास्त्रज्ञ डग्लस फ्राय यांच्यासोबत उलट बाजूने बघायला लागले, म्हणजे युद्ध का होतं यापेक्षा ज्या शेजारी समाजांमध्ये युद्ध होतच नाही तिथे काय असतं, ब्राझीलच्या शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या जमाती, स्वित्झर्लंडमधली कँटन म्हणजे तिथली छोटी राज्यं, युरोपियन युनियन वगैरे. तिथे एक सामायिक ओळख असते, एकमेकांवाचून अडणारे व्यवहार असतात, शांततेची बाजू घेणारे संस्कार असतात.

डॉइचवर एक आक्षेप नेहमी येतो, की दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या असतील तर हे ठीक, पण एक बाजू सरकार आणि दुसरी शेतकरी असेल तर? हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि डॉइचनी तो टाळला नाही. न्याय्य वाटपावर त्यांचं १९८५ चं पुस्तक आहे, नंतर दडपशाहीवरही त्यांनी लिहिलं. वाटप योगदानानुसार, समान की गरजेनुसार, यातलं कुठलं तत्त्व कुठे लागू हा त्यांचा प्रश्न. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा हाच प्रश्न रस्त्यावर आला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर विकसित जमिनीतले साडेबारा टक्के परत द्यायचं तत्त्व आलं. हे वाटप योगदानानुसार, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या हिशोबाने. कुटुंबं मात्र वाढत गेली आणि गावठाणात व आजूबाजूला मुलाबाळांसाठी जी घरं उठली त्यांना इथले लोक 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, आणि ती नियमित करा ही मागणी अनेक मोर्चांमधून पुढे आलीय.